बर्फाचे ओझे

दिवाळीला आम्ही सगळे किकवीला जमतो. यंदा पोरांनी अंगणात तोरणा करायला घेतला. मुंबईच्या भाच्याने बुरुजासाठी भला थोरला दगड ओल्या चिखलावर ठेवला. तो रुतला आणि सभोवती चिखलाची कड वर आली. दगड काढला, तरी खळगा तसाच!

"मामा, चिखल परत वर का येत नाही रे?"

मी पडलो मराठीचा मास्तर; पण अलीकडे भूगर्भावरची पुस्तके वाचण्याचे खूळ लागले आहे. म्हटले, "चिखल येत नाही, पण पृथ्वी येते!"

दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ साचला की जमीन खाली दबते. खोलवरचा तप्त खडक हजारो वर्षांत दाट काकवीसारखा सरकतो आणि भोवताली फुगवटा येतो. बर्फ गेला की जमीन बेताबेताने वर येते. बोथनियाच्या आखाताकाठी ती आजही वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वर येते आहे. बंदर उथळ झाले म्हणून स्वीडनमधले ल्युलिओ शहर १६४९ साली हलवावे लागले!

"आपल्याकडे कुठला बर्फ?" ताई म्हणाली.

होता तर! चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडनसाहेबांनी १८७५ साली त्यांची हकीगत छापली. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे; आपला हिंदुस्थान तेव्हा दक्षिण ध्रुवाकडे, अंटार्क्टिकाला चिकटलेला. किकवीचा काळा पाषाण त्यापुढे पोरसवदाच, साडेसहा कोटींचा. चंद्रपूरचा कोळसा पुढे त्याच हिमगाळाच्या वर साठला.

पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ आज समुद्रसपाटीखालच्या जमिनीवर टेकला आहे. कोमट पाणी त्याचे बूड पोखरते. पण ओझे हलके होताच जमीन वर येऊन त्याला पुन्हा टेकू देऊ शकते. आमुंडसेन समुद्राकाठी हा वेग वर्षाला ४ सेंटिमीटरपर्यंत असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. मात्र बर्फ फारच झपाट्याने गेला, तर वर येणारी जमीन तिथले पाणीच बाहेर लोटते. शिवाय बर्फाच्या राशीची समुद्रावर ओढ असते. रास आटली की सुटलेले पाणी आपल्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांवर अधिक चढते.

ताईचे घर दादर चौपाटीपासून चार पावलांवर. तिने चकली ताटात ठेवली.

"मग जमीन वेळेवर वर येईल ना?"

"आपण कोळसा नि तेल किती जाळतो, त्यावर आहे."

तोवर भाच्याने खळगा बुजवून तिथे मावळा उभा केला होता.