धर्माच्या आईचा पिंड

महालयाला आजोबा पिंड मांडत, त्यात एक धर्मपिंड असे. तो कुणाचा, असं विचारलं की म्हणत, "ज्याला कुणी नाही त्याचा." त्या उत्तरापायी मी ‘पिंड’ या शब्दाच्या मागे वर्षानुवर्षं हिंडलो. कंबोडियात तो ‘बेन’ होऊन भेटला.

ख्मेर लोकांचा प्चुम बेन हा सण भाद्रपदाच्या वद्य पक्षातलाच. चौदा दिवस घरं पाळीपाळीनं भिक्खूंना अन्न देतात आणि पंधराव्या दिवशी सगळे विहारात जमतात. पहाटेच्या अंधारात चिकट भाताचे तीळ घातलेले गोळे विहाराभोवती टाकले जातात, कारण प्रेतांना उजेड सोसत नाही. मृत आप्त सात विहार धुंडाळतात, आणि कुठंच आपल्या नावाचा घास मिळाला नाही तर शाप देतात, अशी श्रद्धा आहे.

पण घास टाकणारंच कुणी उरलं नाही तर? १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत सुमारे १७ ते २० लाख माणसं मेली. भिक्खूंची चीवरं उतरवली गेली, विहारांची कोठारं आणि तुरुंग झाले. ‘अंगकार’ म्हणजे संघटना, तीच तुमची आई आणि बाप, असं मुलांना शिकवलं गेलं. सगळं कुटुंब गमावलेले भिक्खू महाघोसानंद थायलंडमधल्या छावणीत निर्वासितांना मेत्तसुत्ताच्या प्रती वाटत. एकुलत्या लेकराला जिवापलीकडं जपणाऱ्या आईची उपमा त्या सुत्तात आहे. ती वाचणाऱ्या कितीजणांची आई गेली होती, कितीजणींचं एकुलतं लेकरू.

अशा माणसांनी पुन्हा घरं उभी केली, तेव्हा भाषेत एक जुना शब्द तयार होता. ‘म्दाय थोआ’ म्हणजे धर्माची आई, ‘कोन थोआ’ म्हणजे धर्माचं मूल. ‘थोआ’ म्हणजे आपला ‘धर्म’च. आपणही ‘धर्माची बहीण’ म्हणतो, तेव्हा हेच म्हणत असतो. निर्वासितांचं अमेरिकेतलं लाँग बीच असो वा मायदेशातलं नॉम पेन्ह, विहारात भिक्खू मृतांच्या नावांची यादी वाचतात, तेव्हा रक्ताचा पुरावा कुणी मागत नाही. माझ्या मते नात्याची खरी नोंद त्या यादीत होते.

याला शास्त्राचा आधार शोधताना अंगुत्तरनिकायातलं जाणुस्सोणिसुत्त हाती लागलं, आणि मी थबकलो. जाणुस्सोणि हा श्राद्ध घालणारा ब्राह्मण. तो बुद्धांना आडवे प्रश्न विचारतो. ज्याच्यासाठी दान दिलं तो प्रेतयोनीत नसेलच, तर ते कुणाला पोचतं? तिथं असलेल्या दुसऱ्या आप्तांना, असं उत्तर येतं. ब्राह्मण सोडत नाही: तिथं एकही आप्त नसेल तर? बुद्ध म्हणतात, हे शक्यच नाही. जन्ममरणाच्या इतक्या लांब वाटेवर ती जागा आपल्या आप्तांवाचून रिकामी असूच शकत नाही.

आजोबांचा धर्मपिंड ‘ज्याला कुणी नाही’ त्याचा होता. जाणुस्सोणिला मिळालेलं उत्तर खरं धरलं, तर असं कुणी नसतंच.