रूपांतरातला प्रामाणिकपणा

आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने संगणकभाषेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु रूपांतर हा आम्हां भाषाभ्यासकांचाही जुनाच प्रश्न आहे. पोर्तुगीज लेखनात आपले पेडणे ‘पेर्नेम’ झाले, डिचोली ‘बिचोलिम’. शेवटचा मकार ही केवळ अनुनासिकाची खूण. आज तो ‘म’ म्हणूनच उच्चारला जातो. रोमन लिपीत ‘काल’ आणि ‘काळ’ एकच दिसतात. अक्षर हरवते, पण कागद तसे सांगत नाही.

२०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या ‘रस्ट’ या भाषेत हा विवेक नियमबद्ध आहे. एका प्रकारचे मूल्य दुसऱ्या प्रकारात नेताना काहीच गमावत नसेल, तर ‘फ्रॉम’ हा ‘ट्रेट’, म्हणजे गुणधर्म, लिहावा. घेणाऱ्याच्या बाजूने ‘फ्रॉम’ लिहिला की देणाऱ्याच्या बाजूचा ‘इन्टू’ आपोआप लाभतो. तो निराळा लिहू नये. ८ बिटांची संख्या ३२ बिटांत अशी निर्धास्त जाते. उलट वाटेने मात्र ३०० ही संख्या ० ते २५५ च्या घरात मावत नाही. तेथे ‘ट्रायफ्रॉम’ योजावा. तो मूल्य देतो, नाहीतर ‘जमत नाही’ असे स्पष्ट कळवितो. ‘अ‍ॅज’ म्हणून सक्ती केल्यास ३०० चे मुकाट्याने ४४ होतात.

जुन्या रोमन नोंदी देवनागरीत आणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे: शंका असेल तेथे यंत्राला ‘जमत नाही’ म्हणू द्या आणि गावातल्या जाणत्यांना विचारा. एका अक्षरापायी कुणाचे घराण्याचे नाव पुसले जाऊ नये.