कुजलेल्या चाऱ्यातील औषध आणि चातुर्मासातील पथ्य

१९२०च्या दशकात कॅनडा व उत्तर अमेरिकेतील पशुपालकांवर एक विचित्र संकट ओढवले. शिंगे कापताना होणाऱ्या किरकोळ जखमेनेही गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. रोगजंतू सापडेनात. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी दोष ओळखला तो ओल लागून बुरशी चढलेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ या चाऱ्याचा. तो फेकून द्यावा म्हणणे सोपे होते. मंदीच्या काळात दुसरा चारा घेण्याची ऐपत मात्र अनेकांना नव्हती.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील असाच एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून मॅडिसनला रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्याकडे पोहोचला. सोबत मेलेली कालवड, खराब चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. त्या रक्ताचे रहस्य उलगडण्यास सहा वर्षे लागली. क्लोव्हरला सुगंध देणारे कुमारिन स्वतः निरुपद्रवी असते; बुरशीमुळे त्याचे डायकुमारॉल बनते. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठविणारे घटक तयार करते, तीच क्रिया हे द्रव्य रोखते. त्यावरून प्रयोगशाळेत घडविलेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते देण्यात आले.

आज कृत्रिम झडप बसविलेल्या असंख्य रुग्णांचा भार या छोट्या गोळीवर आहे. तिचा हिशेब आयएनआर या रक्ततपासणीने ठेवतात. तो फार वाढला तर रक्तस्राव, फार उतरला तर गुठळी. जैन कुटुंबांनी नेमके येथे लक्ष घालावे. पालक, मेथी, कोथिंबीर यांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते. चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य केली, त्यात अठ्ठाईची भर पडली, की तीच मात्रा अधिक तीव्र ठरू शकते. नियम सुटल्यावर ताटात रोज पालेभाजी आली की परिणाम उलट दिशेने घसरतो. भाजी सोडणे वा खाणे यांत धोका नाही, अचानक बदलात आहे. म्हणून व्रत आरंभण्यापूर्वी व पारण्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी. मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

हळद किंवा गिंको यांच्या अर्काच्या कॅप्सूलही डॉक्टरांना न सांगता सुरू करू नयेत. आमटीतील चिमूटभर हळद वेगळी आणि तिचा घट्ट अर्क वेगळा. ‘वनस्पतीच तर आहे’ हा युक्तिवाद विस्कॉन्सिनच्या कालवडीपुढे टिकत नाही.

आणखी एक बाब घरात क्वचितच बोलली जाते. रुग्णालयात इंजेक्शनने दिले जाणारे हेपारिन बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून काढतात. वॉरफरिन पूर्णतः रासायनिक आहे. इंजेक्शनांत फॉन्डापॅरिनक्स हेही प्राणिज नाही, मात्र ते प्रत्येक रुग्णाला चालतेच असे नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारता येतो. तातडीच्या प्रसंगी तेवढी उसंत मिळत नाही.