दोन पट्ट्यांमधली जागा

सिंथेसायझरबद्दल आपल्याकडे बोलणे निघाले की ते बहुधा दोनच वाटांनी जाते. या यंत्राने स्टुडिओतल्या वादकांच्या पोटावर पाय आणला, ही एक वाट. या यंत्रातून कोणत्याही वाद्याचा आवाज निघतो, ही दुसरी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण यंत्राच्या पोटात काय चालते, याकडे दोन्ही वाटा फिरकत नाहीत. गेली काही वर्षे मी या यंत्रांच्या माहितीपुस्तिका, मंडलाकृती आणि त्यांवर निघालेल्या तबकड्या यांचा जमेल तसा अभ्यास करतो आहे. संगीत आणि विद्युतशास्त्र या दोन्हींचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरी या अभ्यासातून एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली, ती अशी : प्रत्येक वाद्ययंत्रात ‘स्वर म्हणजे काय’ या प्रश्नाचे एक उत्तर आधीच भरलेले असते. वाजवणारा ते उत्तर नकळत स्वीकारतो. आणि ज्या संगीतात स्वराइतकीच दोन स्वरांमधली वाटही महत्त्वाची असते, त्या संगीताला हे उत्तर तपासून घेणे भाग आहे.

ऑसिलेटरला बारा स्वर ठाऊक नसतात

अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४मध्ये विद्युतदाबाने नियंत्रित होणारा सिंथेसायझर पुढे आणला. त्याचे तत्त्व समजायला अवघड नाही. ऑसिलेटर नावाचे एक मंडल ठरावीक गतीने कंप पावते. तो कच्चा आवाज. त्यातले वरचे स्वरांश फिल्टर कमी-जास्त करतो. त्याने आवाजाचा पोत बदलतो. एन्व्हलप हा भाग आवाज कसा उमटायचा, किती टिकायचा आणि कसा विरायचा ते ठरवतो. सतारीचा आघात झटकन उमटतो आणि हळूहळू विरतो, बासरीची फुंक सावकाश भरते. हा फरक एन्व्हलपचा.

मूगच्या रचनेतली खरी कल्पना होती ती नियंत्रणाची. ऑसिलेटरला पुरवलेला दाब एका व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. अर्धा व्होल्ट वाढला तर अर्धे सप्तक. दाब सावकाश वाढवत नेला तर स्वर कुठेही न अडखळता वर सरकतो. म्हणजे ऑसिलेटरच्या लेखी सप्तक हा एक सलग उतार आहे. त्याला पायऱ्या नाहीत. पायऱ्या येतात त्या पुढे जोडलेल्या की-बोर्डमुळे. की-बोर्डमध्ये सारख्या मूल्याच्या रोधकांची साखळी असते आणि प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीपेक्षा एक-बारांश व्होल्ट, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट, जास्त दाब देते. बारा समान स्वर यंत्राच्या आवाजात नव्हते. ते त्याच्या दारात बसवले गेले.

ही निवड अपरिहार्य नव्हती. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला यांनी स्वतःचा सिंथेसायझर बांधला. त्यात पियानोसारख्या पट्ट्या न ठेवता त्यांनी स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या पट्टिका ठेवल्या. मूगच्या यंत्रालाही रिबन कंट्रोलर जोडता येई. ताणलेल्या फितीवर बोट सरकवले की स्वर सरकत जाई. विचित्रवीणेच्या तारेवरून बट्टा फिरवावा, तसे. पण १९६८मध्ये वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही तबकडी विलक्षण लोकप्रिय झाली आणि सिंथेसायझर म्हणजे पट्ट्यांचे वाद्य, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले.

जुनाच वाद

हा पेच आपल्याला नवा नाही. हार्मोनियमच्या रूपाने तो आपण शतकभर अनुभवला आहे. आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत शिथिल झाली नाही. आक्षेप दोन होते : तिचे स्वर ठोकळ आहेत, आणि तिच्यावर मींड निघत नाही.

पहिला आक्षेप आकड्यांत मांडता येतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरला तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३०० हर्ट्झला बसतो, षड्जाच्या सव्वापट. बारा समान भागांच्या पट्टीवरचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ हर्ट्झवर जातो. फरक किरकोळ वाटेल. पण षड्जाचा पाचवा स्वरांश १२०० हर्ट्झचा आणि या गंधाराचा चौथा स्वरांश १२०९.५ हर्ट्झचा, दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेनऊ हेलकावे उठतात. तंबोऱ्याशेजारी पेटीचा गंधार ‘खरखरतो’ असे जाणकार म्हणतात, त्यामागे हे गणित आहे.

या आक्षेपावर महाराष्ट्रात उपायही शोधले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी कृ. ब. देवल आणि ई. क्लेमंट्स यांनी श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग केला, अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. स्वरस्थाने दुरुस्त करण्याचे हे प्रयत्न मोलाचे आहेत. दुसरा आक्षेप मात्र त्याने सुटत नाही. दरबारीचा कोमल गंधार कुठल्याही एका स्थानावर उभा नसतो. तो आंदोलत असतो. बारांच्या जागी बावीस पट्ट्या केल्या तरी दोन पट्ट्यांमधली जागा उरतेच, आणि आपल्या संगीताचा मोठा भाग त्या जागेत राहतो.

विजेच्या वाद्याचे वैशिष्ट्य असे की ती जागा त्याच्याजवळ मुळातच आहे. हार्मोनियमची धातूची जिभली आपला स्वर सोडू शकत नाही. ऑसिलेटर कुठेही जाऊ शकतो. म्हणून सिंथेसायझरला ‘विजेची पेटी’ म्हणणे हे त्याच्यावर अन्याय करणारे वर्णन आहे.

मुंबई, १९८२

भारतात ही यंत्रे तशी लवकर आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने १९६९मध्ये मूग सिंथेसायझरसह स्टुडिओ उभा राहिला. जॉन केज यांना १९४६मध्ये भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या गीता साराभाई या उपक्रमाशी जोडलेल्या होत्या. काही वर्षांत ते काम थांबले. तिथल्या फिती अनेक दशके संग्रहात पडून राहिल्या आणि २०२३मध्ये निवडक ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली.

मुंबईतला प्रयोग संस्थेबाहेरचा होता. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी वाजवले होते. रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांच्याकडे होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे छोटे यंत्र. त्यांवर १९८२मध्ये त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, आणि खाली डिस्कोचा अखंड ठेका.

यांतले टीबी-३०३ मुळातून पाहण्यासारखे आहे. बेस गिटार वाजवणारा साथीदार नसेल तर त्याच्या जागी हे यंत्र, अशी कंपनीची कल्पना होती. बेस गिटारसारखा आवाज त्यातून कधी निघाला नाही. यंत्र खपले नाही आणि १९८४मध्ये उत्पादन बंद झाले. पण त्याच्या आत एक वेगळी सोय होती. सोळा घरांच्या चौकटीत एकेक स्वर भरायचा आणि प्रत्येक घरासाठी सांगायचे : यावर जोर आहे का, आणि इथून पुढच्या स्वराकडे सरकायचे का. सरकण्याची खूण केली की पुढचा स्वर नव्या आघाताने सुरू होत नाही. आवाज चालूच राहतो आणि एका छोट्या मंडलामुळे दाब झटक्यात न बदलता ओढला जातो.

मींडेची व्याख्या करायची तर आपण काय म्हणतो? एकाच आघातात, खंड न पाडता, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणे. या यंत्रातल्या सरकण्याचे तत्त्व तेच आहे. मात्र त्याचा वेळ कारखान्यातच ठरलेला. वादकाला तो लांबवता येत नाही. म्हणून ती मींडेची केवळ एक जात झाली, तीही आखूड. चरणजित सिंग यांनी ३०३कडून मर्यादित तेवढेच काम घेतले. रागाची मुख्य सुरावट त्यांनी ज्युपिटरवर हाताने वाजवली, जिथे सरकण्याचा वेग वादकाच्या ताब्यात असतो. कोणते काम यंत्राच्या चौकटीवर सोपवायचे आणि कोणते हाताकडे ठेवायचे, हा निवाडा त्या तबकडीत ऐकू येतो. मला तिचे महत्त्व तिथे वाटते.

ही तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. ती २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांतल्या काहींना हा बनाव वाटला. कारण शिकागोत १९८७मध्ये फ्यूचर या गटाने याच ३०३च्या कळा पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली होती आणि त्यातून ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार सुरू झाला होता. तसा आवाज पाच वर्षे आधी मुंबईत! त्यानंतर ‘अ‍ॅसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला’ असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाऊ लागले. हे विधान टिकत नाही. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती, असा पुरावा नाही. दोघांत समान होते ते यंत्र. शिकागोकरांनी आवाजाच्या पोतात नवेपणा शोधला, सिंग यांनी रागाच्या चालीत. एकाच यंत्राचे दोन ठिकाणी दोन अर्थ लागले, ही गोष्ट ‘पहिले कोण’ या वादापेक्षा मला अधिक मोलाची वाटते.

पडद्यावरची पेटी

सिंग यांच्या तबकडीनंतर वर्षभरातच ‘मिडी’ हा संकेत आला. रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने १९८३मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एका तारेने बोलू लागली. या तारेतून आवाज जात नाही, सूचना जातात. अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, सोडली. पट्ट्यांचे क्रमांक ० ते १२७. की-बोर्डच्या दारात बसलेले बारा स्वर आता भाषेच्या व्याकरणात जाऊन बसले.

यावरून ‘मिडीमध्ये भारतीय संगीत मावत नाही’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो घाईचा आहे. मिडीत स्वर वाकवण्याची सूचनाही आहे आणि तिला १६,३८४ पातळ्या आहेत. नेहमीच्या मांडणीत त्या वर-खाली दोन-दोन अर्धस्वरांत वाटल्या जातात. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये चार हजारांहून अधिक पायऱ्या. कानाला त्या वेगळ्या कळणार नाहीत. अडचण एवढीच की ही सूचना एका वाहिनीवरच्या सगळ्या स्वरांना एकदम वाकवते. पाश्चात्त्य स्वरसंवादात ती मोठी अडचण ठरते, आणि ती दूर करण्यासाठी २०१८मध्ये प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवणारा नवा संकेत स्वीकारला गेला. आपली सुरावट मात्र एकेरी असते. एका वाहिनीवर गायकी आणि दुसरीवर तंबोरा ठेवला की काम भागते. म्हणजे व्याकरण जितके आडवे येते असे वाटते, तितके ते येत नाही.

आडवी येते ती मांडणी. आजच्या संगणकावरील बहुतेक संगीत-प्रणालींत स्वर ज्या पडद्यावर मांडतात त्याला ‘पियानो रोल’ म्हणतात. स्वयंचलित पियानोच्या भोके पाडलेल्या कागदाचे नाव त्याला अजून चिकटलेले आहे. डावीकडे उभा की-बोर्ड, समोर चौकटी, चौकटीत आयताकृती ठोकळे. स्वर म्हणजे ठोकळा. मींड मात्र खालच्या एका वेगळ्या पट्टीत, बहुधा मिटलेल्या खणात. ती शक्य आहे. पण मध्यभागी काय आणि कडेला काय, हे आधीच ठरले आहे. नवशिका मध्यभागापासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच राहतो. लयीचेही तसेच : ‘क्वांटाइझ’चे एक बटण दाबले की सगळे आघात चौकटीच्या रेषेवर जाऊन बसतात. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारी बोलांची ठेवण त्याबरोबर पुसली जाते.

गळ्यापर्यंत हा प्रश्न पोचला तो ‘ऑटो-ट्यून’मुळे. तेलशोधासाठी भूगर्भातले कंप वाचण्याचे गणित करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी १९९७मध्ये ते आणले. गायकाचा स्वर मोजायचा आणि जवळच्या ‘बरोबर’ स्वरावर नेऊन ठेवायचा. किती वेगाने न्यायचा, हे ठरवता येते. वेग अतिशय वाढवला तर मींडेचा जिना होतो. मधली प्रत्येक जागा कुठल्या ना कुठल्या पायरीवर ढकलली जाते. बरोबर स्वर कोणता, हे वापरणारा निवडू शकतो. पण निवडावे लागते हे ज्याला ठाऊकच नाही, त्याच्यासाठी निवड यंत्रानेच केलेली असते.

गाणे शिकणारी आजची मुले मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतात, पडद्यावरच्या पट्ट्यांवर स्वर तपासतात आणि दिवसभर दुरुस्त केलेले आवाज ऐकतात. त्यांना ही साधने नाकारण्यात अर्थ नाही. पेटीवर तीस वर्षे बंदी घालूनही पेटी घराघरांतून गेली नाही. मात्र साधन हातात देताना तीन प्रश्न सोबत द्यावेत, असे मला वाटते. यातला गंधार कुणी ठरवला? दोन स्वरांमधली जागा यात कुठे ठेवली आहे? आणि ठरवलेले बदलायची सोय कुठे आहे? बहुतेक साधनांत तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे. ते आतल्या खणात असते, आणि तो खण शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी उघडून दाखवायला हवा.