ढगांपासून दूर किती?

आषाढात भिलाईजवळच्या जुनवानीवरील आकाश मोठे फसवे असते. मेघांच्या राशींमध्ये निळ्या फटी दिसतात. नंदिनीच्या धावपट्टीवरून निघालेले छोटे विमान त्यांतून सहज निसटेल, असे खालून पाहणाऱ्यास वाटते. वैमानिकास मात्र तशी मुभा नाही. जो स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून उड्डाण करतो, त्याने ढगापासून आडवे १,५०० मीटर व उभे ३०० मीटर दूर राहावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिवाय ५ किलोमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसले पाहिजे; ३,०५० मीटर उंचीपासून वर ही मर्यादा ८ किलोमीटर होते.

एवढे अंतर कशासाठी? ढगात उपकरणांच्या आधारे चाललेले दुसरे विमान असू शकते. ते ताशी ४५० किलोमीटर वेगाने बाहेर पडले आणि समोरून ताशी १८० किलोमीटर वेगाने लहान विमान येत असले, तर १,५०० मीटर अंतर साडेआठ सेकंदांत संपते. पाहणे, ओळखणे, वळणे ही सारी कामे तेवढ्यातच उरकावयाची असतात.

दुसरा धोका वैमानिकाच्या शरीरातच आहे. कानातील समतोलाचे इंद्रिय संथ वळण ओळखू शकत नाही. क्षितिज दिसेनासे झाले की कललेले विमानही सरळ भासते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठातील प्रयोगात उपकरणांची सवय नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे दृश्य झाकून उडविण्यास सांगितले. सरासरी १७८ सेकंदांत त्यांचा ताबा सुटला.

ढगाआड डोंगरही असतो. १२ जुलै १९४९ रोजी मुंबईस उतरू पाहणारे डच प्रवासी विमान पावसाळी हवेत घाटकोपरच्या टेकडीवर आदळले व ४५ जण प्राणास मुकले.

जमिनीलगत, नियंत्रणाबाहेरील आकाशात, नियम थोडा सैल होतो. समुद्रसपाटीपासून ९०० मीटर किंवा भूपृष्ठापासून ३०० मीटर, यांपैकी उंच असेल त्या पातळीखाली ढगात न शिरणे व जमीन दिसत राहणे पुरते. दृश्यतेची अट मात्र राहतेच. जुनवानीची भूमी सुमारे ३०० मीटर उंच असल्याने तेथे ही पातळी जमिनीपासून सुमारे ६०० मीटरांवर येते. महाबळेश्वरी, सुमारे १,३७० मीटर उंचीवर, ती जमिनीपासून ३०० मीटरांवरच राहते.

इलिनॉयच्या त्याच वैमानिकांना उपकरणांच्या साह्याने मागे वळण्याचे थोडे शिक्षण दिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक चाचणीत ते सुखरूप बाहेर पडले. ढग वाट अडवू लागताच माघारी फिरणे, हेच वैमानिकाचे खरे शहाणपण होय.