रणातून न परतलेल्यांचा हिशेब

उदगीरचा किल्ला पाहायला गेलेल्या मुलांना गुरुजी एक गोष्ट हमखास सांगतात. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीर आणि औसा या टापूत निजामाचा पराभव केला. विजयाचा आनंद सरतो न सरतो तोच उत्तरेतून दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली. मार्चमध्ये भाऊसाहेब परतूरहून उत्तरेकडे निघाले. मराठवाड्याच्या या मातीतून गेलेला तो सेनापती पुन्हा माघारी आला नाही.

गुरुजींची गोष्ट बहुधा इथेच संपते. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊंचे काय झाले? शिर नसलेले एक प्रेत भाऊंचे म्हणून ओळखून त्याला अग्नी दिला, असे सांगणारे होते. भाऊ वाचले, असे शपथेवर सांगणारेही होते. पार्वतीबाईंनी कपाळाचे कुंकू पुसले नाही. मग भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले गेले, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. एका माणसाच्या मृत्यूची खात्री पटली नाही, तर त्याची किंमत साऱ्या राज्याला पंधरा वर्षे मोजावी लागली. हे झाले सेनापतीचे. त्याच्यामागे गेलेल्या साध्या शिलेदारांची नावे कोणी लिहून ठेवली?

तांबे नावाचा वैमानिक

अडीचशेहून अधिक वर्षे उलटली तरी हा प्रश्न जुना झालेला नाही. १९७१ च्या युद्धात आपण जिंकलो. ९३ हजार पाकिस्तानी आपल्या ताब्यात आले. त्याच युद्धात, ५ डिसेंबरला, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हा मराठी वैमानिक पाकिस्तानातील शोरकोटवर हल्ला करण्यासाठी गेला आणि त्याचे सुखोई विमान परतले नाही. त्या दिवसांत तिकडच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापली. तिच्यात तांबे नावाशी जुळणारे एक नाव होते.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे म्हणजे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेले. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी क्रीडा विभागात नोकरी केली आणि उरलेला वेळ मंत्रालयांचे उंबरे झिजवण्यात घालवला. त्यांचा प्रश्न साधा होता. माझा नवरा आहे की नाही, एवढेच सांगा.

अशी चौपन्न नावे आहेत. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत चाळीस नावांची यादी ठेवली होती, पुढे ती वाढली. १९६५ आणि १९७१ मिळून ८३ सैनिक बेपत्ता असल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. पाकिस्तानचे उत्तर मात्र कायम एकच असते. आमच्याकडे कोणी नाही.

पुरावे, आशा आणि बंद दारे

मग आशा कशावर? मेजर अशोक सुरी युद्धात मारले गेले असे घरी कळवले होते. तीन वर्षांनी, डिसेंबर १९७४ मध्ये, वडिलांच्या हाती मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी पडली. १९७५ मध्ये कराचीहून दुसरे पत्र आले. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात गजांआडच्या एका भारतीय कैद्याचे छायाचित्र छापले गेले. ते मेजर ए. के. घोष, असे त्यांच्या घरच्यांनी ओळखले.

युद्धकैदी परत येतो तो नावाच्या जोरावर. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या सैनिकाचे नाव नोंदवून ते त्याच्या देशाला कळवावे लागते, आणि लढाई थांबल्यावर त्याला सोडावे लागते. दिलीप परुळकर या मराठी वैमानिकाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ते रावळपिंडीच्या छावणीतून भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ पोचले. तिथे त्यांनी जे रेल्वे स्टेशन विचारले, ते १९३२ मध्येच बंद पडलेले होते. तिथेच ते सापडले. पण त्यांची नावे यादीत होती, म्हणून १९७२ च्या डिसेंबरात सहाशेहून अधिक कैद्यांबरोबर ते सुखरूप घरी आले. ज्यांचे नाव कोणत्याच यादीत चढले नाही, त्यांना मागायचे कोणाच्या नावाने?

नातेवाईक १९८३ मध्ये मुलतानच्या तुरुंगात जाऊन आले. २००७ मध्ये चौदा जण निरनिराळ्या तुरुंगांत फिरले. कोणीच सापडले नाही. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. वर्षे गेली. तेव्हाचे तरुण अधिकारी आज असले तर ऐंशीच्या घरातले असतील.

सात वर्षे, बारा वर्षे

कायदा म्हणतो, सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत समजावा. आपल्या धर्मशास्त्राने बारा वर्षे थांबायला सांगितले आणि मग पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देण्याचा विधी लावून दिला. म्हणजे प्रेत नसले तरी माणसाला निरोप हवा, हे आपल्या पूर्वजांना उमजले होते. लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत ढिगाऱ्याखाली आपले माणूस शोधणाऱ्यांनी ते भोगले आहे.

आणि शोध घेतला तर माणूस सापडतो. १९६८ मध्ये रोहतांगजवळ कोसळलेल्या हवाई दलाच्या विमानातल्या चौघांचे अवशेष २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, बर्फात मिळाले. १९८४ मध्ये सियाचेनवर हिमवादळात बेपत्ता झालेले लान्सनायक चंद्रशेखर हर्बोला २०२२ मध्ये सापडले. अमेरिकेने तर यासाठी स्वतंत्र यंत्रणाच ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धापासूनचे ८१ हजारांहून अधिक बेपत्ता सैनिक तिच्या नोंदीत आहेत. तिची पथके अरुणाचलच्या डोंगरांपर्यंत येऊन हाडे गोळा करतात आणि डीएनए जुळवतात.

आपल्याकडे पत्रव्यवहार पुष्कळ झाला. पण प्रत्येक नावामागे कोणते विमान, कोणती चौकी, शेवटचे कोणी पाहिले, हे सगळे एका जागी तपासून घरच्यांना सांगणारी कायम यंत्रणा का नसावी? उत्तर ‘तो गेला’ असे आले तरी चालेल. पळसाच्या पानांना अग्नी देता येतो, नुसत्या शंकेला देता येत नाही.

पंजाबातून सचखंड एक्स्प्रेसने नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांत फौजी घरांतली माणसे असतात. आपल्या गावागावांतूनही मुले सैन्यात जातात. मुलगा देताना आई देशाकडे दोन गोष्टी मागते. जमले तर त्याला परत आणा, आणि नाही जमले तर त्याचे काय झाले ते सांगा. पहिली गोष्ट नेहमीच आपल्या हातात नसते. दुसरी मात्र आपल्याला करता येते.