हृदयातील अरुंद वाट आणि कॅथेटरचा उपाय

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते. काही व्यक्तींमध्ये दोन कप्प्यांमधील स्नायूंचा पडदा आनुवंशिक दोषामुळे जाड होतो आणि त्या वाटेतच अडथळा निर्माण होतो. या विकारास ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’ म्हणतात. जिना चढताना धाप लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे. परंतु वय किंवा दगदग म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. येथे दोष रक्तवाहिन्यांचा नसल्याने नेहमीची अँजिओप्लास्टी उपयोगी पडत नाही.

पहिला उपाय औषधांचा. त्यांनी आराम न पडल्यास छाती उघडून वाढलेला स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया १९६० च्या दशकापासून प्रचलित आहे. १९९४ मध्ये डॉ. उलरिच सिग्वार्ट यांनी लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात निराळा मार्ग अवलंबिला. कॅथेटर रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेऊन, जाड पडद्यास रक्त पुरविणाऱ्या छोट्या शाखेत बारीक फुग्याच्या आधारे १ ते ३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल सोडले जाते. तेवढाच स्नायू निकामी होऊन पुढील काही महिन्यांत आक्रसतो आणि वाट मोकळी होते. अल्कोहोल या शब्दाने दचकण्याचे कारण नाही; येथे ते केवळ औषधी द्रव्य आहे.

छाती उघडावी लागत नाही, हा मोठा लाभ. तथापि जोखीमही जमेस धरावी. सुमारे दहापैकी एका रुग्णास कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. तरुण रुग्ण, झडपेचा दोष किंवा प्रतिकूल शाखा असल्यास शस्त्रक्रियाच श्रेयस्कर ठरते. म्हणून दोन्ही पद्धतींचा अनुभव असलेल्या केंद्रातच निर्णय घ्यावा. उपचारानंतरही मूळ विकार राहतो. नियमित तपासणी चुकवू नये.

शरीरातील पाणी घटले की अडथळा वाढतो. म्हणून अशा रुग्णांनी निर्जळ उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची बाब कुटुंबाची. सदोष जनुक अपत्याकडे जाण्याची शक्यता साधारणतः निम्मी असते. विवाहसंबंध जुळण्यात अडचण येईल या भीतीने अनेक घरांत आजार लपविला जातो. परंतु तरुण मुलाला खेळताना अचानक मृत्यूने गाठण्याचा धोका त्याहून फार मोठा आहे. घरात एकास हा विकार आढळल्यास भावंडे व मुले यांची इको आणि ईसीजी तपासणी विनाविलंब करून घ्यावी.